‘सां.’ म्हणजे सांडायचे पाणी

सोमवार, चैत्र वद्य तृतीया. संध्याकाळचे पाच. जागा: अव्वांच्या अंगणातला आडाचा कट्टा.

हजर: अव्वा. मागवाल्या वहिनी. गिरणीतल्या मावशी, पाळी सुटून थेट आलेल्या, केसांत कापूस. आमच्या पेठेचे म्युनिसिपालिटीतले मेंबर, म्हणजे माझा मानलेला भाऊ. आणि मी.

गैरहजर: म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर. येतो असा निरोप होता, आले नाहीत.

न बोलावलेले: गल्लीच्या टोकाची चार घरे.

ही शेवटची ओळ त्या दिवशी वहीत नव्हती. ती मी दोन महिन्यांनी, वेगळ्या शाईने घातली. का घातली ते ओघाने येईल.

वही माझी. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. यजमान रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस लाइनीवर. घर, शाळा, सासूबाईंची पथ्ये आणि पाणी हे सगळे एकटीने ओढायचे तर लिहून ठेवल्याशिवाय चालत नाही. सकाळी चूल पेटायच्या आधी मी दिवसाच्या कामांची यादी करते. काम झाले की त्यावर रेघ मारते. न झालेले काम दुसऱ्या दिवशीच्या यादीत सर्वांत वर जाते. गल्लीत यावरून माझी पुष्कळ थट्टा होई. वहिनी म्हणत, “अक्का मरायच्या दिवशी सुद्धा आधी यादी करतील, मग मरतील.” पण कुणाच्या बारशाला किती पाट लागतील आणि कुणाकडून किती आणायचे, हे विचारायला सगळ्या माझ्याच दारात येत.

सन तीस ओलांडून एक-दोन वर्षे झाली होती. आमची गल्ली भवानी पेठेतली. एका अंगाला मागवाल्यांची घरे, दिवसभर हातमागांची खटखट. दुसऱ्या अंगाला आमच्यासारखी नोकरदार आणि लहान दुकानदार माणसे. मध्ये म्युनिसिपालिटीचे एक नळकोंडाळे. गल्लीत आड सात. त्यांतला अव्वांच्या अंगणातला तेवढा गोडा. बाकी सहांचे पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, तोंडात घेतले तर जीभ आखडते. ते पाणी भांड्यांना, न्हाणीला, अंगणात, सूत भिजवायला. आमच्याकडे त्याला सांडायचे पाणी म्हणतात. अव्वा लिंगायत, त्यांच्या घरात कानडी. त्या बळसो नीर म्हणत, वापरायचे पाणी. प्यायचे ते कुडियो नीर. प्रत्येक घरात दोन्ही घागरींच्या जागा वेगळ्या. सांडायच्या घागरीत कुणी प्यायचा तांब्या बुडवला की पाठीत धपाटा बसायचा. गल्लीत जन्मलेले मूल आई-बाबा म्हणायला शिकते, त्याच्या मागोमाग हा शब्द शिकते.

आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. नळाला पाणी पुरवणाऱ्या एकरूखच्या तलावाकडून येणारे लोक सांगत, काठ उघडा पडलाय, चिखलाला भेगा गेल्यात. नळाला पाणी दोन वेळचे एक वेळ झाले, मग दिवसाआड. त्याच वर्षी म्युनिसिपालिटीने पक्क्या गटारांचीही योजना काढली होती. दगडी, सिमेंट भरलेली गटारे, पण सगळीकडे एकदम नाही. आधी काही गल्ल्या, मग बाकीच्या. पाण्याच्या टंचाईचा विचार करायला आणि गटारांची क्रमवारी ठरवायला कमिटी एकच होती. आणि त्या कमिटीवर आमचा मेंबर होता.

गटार आम्हाला हौसेखातर नको होते. गल्लीचे कच्चे गटार अव्वांच्या भिंतीला लागून, गोड्या आडापासून दोन हातांवरून जाते. उन्हाळ्यात ते सुकून पडे. पावसाळ्यात फुगे. दोन वर्षांमागच्या आषाढात त्याची घाण कट्ट्याच्या पहिल्या पायरीला लागली होती. आड उपसायला येणाऱ्या माणसाने आत उतरून भिंत चाचपली आणि वर येऊन सांगितले, “माती ढिली झाली हाय. एक पावसाळा काढंल. दुसऱ्याचं मी सांगत न्हाय.” तो एक पावसाळा उलटून गेला होता. म्हणून माझ्या यादीत ते काम असे होते: गटार, पावसाआधी.

आता मेंबरविषयी.

मी तेराव्या वर्षी या गल्लीत नांदायला आले, तेव्हा तो समोरच्या घरात पाच वर्षांचा होता. त्याची आई आणि माझ्या सासूबाई एकाच आडावर पाणी भरत. त्याला बहीण नाही, मला भाऊ नाही. पहिल्याच दिवाळीत दोघींनी त्याला माझ्यासमोर पाटावर बसवला. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. त्याचे अक्षर फार वाईट. मी स्वतः यजमानांकडून शिकत होते ते त्याला शिकवी. त्याची सही मी पाटीवर घोटून घेतली आहे. शेवटच्या अक्षराची वेलांटी तो आजही माझ्यासारखी खाली ओढतो.

पुढे त्याने सुताचा व्यापार केला, चांगला केला, पलीकडच्या रुंद रस्त्यावर नवे घर बांधले आणि त्या वर्षी निवडून आला. निवडून आल्यानंतरच्या भाऊबिजेला मी त्याला ओवाळले, तेव्हा निम्मी गल्ली आमच्या ओसरीवर होती. मी विचारले, “मेंबर झालास, आता ओवाळणीत काय घालणार?”

“ताई, तुला गटार घालतो की.”

सगळ्या हसल्या. अव्वांनी कपाळाला हात लावला. “यवा! बहिणीला गटार घालतोय बघा. शालू घाल की रे!”

“शालू फाटतो, अव्वा. हे दगडी. पावसाच्या आत घालतो.”

मी हसत हसत वहीत लिहिले: ओवाळणी, गटार, दगडी, पावसाआधी. त्याला ते वाचून दाखवले. तो म्हणाला, “हां, आता पक्कं झालं.”

तर चैत्रातली ती सभा. मेंबर कट्ट्यावर बसला आणि म्हणाला की कमिटीला प्रत्येक गल्लीची यादी हवी आहे. घरे किती, नळ किती, आड किती, कोणत्या आडाचे पाणी कसे. त्यावरून नळाची पाळी आणि गटाराचा नंबर ठरणार. “यादी तू कर ताई. तुझ्या यादीला कुणी बोट लावायचं नाही.”

गिरणीतल्या मावशी सांगोल्याकडच्या. त्यांना कागदाचे भय. “यादीबिदी कशापायी? आमच्याकडं हिरी मोजल्या की समजायचं, आता पानी बंद हुतंय. सरकार मोजतं ते द्यायसाटनं न्हाय.”

“मावशी, सरकार कुठंय इथं? मी आहे.”

“तू हाईस व्हय. पर तू कुटं ऱ्हातूस आता? त्या रुंद रस्त्याला.”

तो हसला, मीही हसले. मावशींची जीभ तशीच होती, आम्ही मनावर घेत नसू.

अव्वांचे वेगळेच होते. त्यांना आपल्या आडाचे पाणी गोडे म्हणून लिहायला नको होते. गोड्या आडाला गोडा म्हणत नाहीत, दृष्ट लागते. त्या कधी म्हणत नसत. “बरं आहे” एवढेच म्हणत. मी त्यांना म्हटले, “अव्वा, खरं आहे तेच लिहू. एकच गोडा आड आहे आणि त्याच्या शेजारून घाण जाते, हे कागदावर आलं तर गटाराला कोण नाही म्हणेल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “तू म्हणतेस म्हणून,” त्या म्हणाल्या. “लिही.”

मी सगळ्यांसमोर खुणा ठरवल्या. ‘गो.’ म्हणजे गोडे, ‘सां.’ म्हणजे सांडायचे. मेंबर म्हणाला, “हे मला काय सांगतेस? सांडायच्या घागरीत तांब्या घातला म्हणून तुझ्याच हातचा धपाटा खाल्लाय मी. इथं, या खांद्यावर.” आणि त्याने खांदा चोळून दाखवला. वहिनींना हसू आवरेना.

हे मी मुद्दाम तपशिलाने लिहिते आहे. तो हे बोलला. चौघींसमोर बोलला.

दोन दिवसांत यादी झाली. घरोघर गेले, प्रत्येक आडात पोहरा सोडला, पाणी चाखले. गल्लीच्या टोकाच्या चार घरांपर्यंत गेले नाही. त्यांना आड नव्हता आणि आमच्या आडाला त्यांना शिवू दिले जात नसे. त्यांचे सगळे नळावर. आडांच्या यादीत त्यांचे काय काम, असे मला वाटले. त्यांची घरे मी लांबूनच मोजली. सात ओळींत सात आड, एकापुढे ‘गो.’, सहांपुढे ‘सां.’. खाली एक शेरा: गोड्या आडाशेजारून कच्चे गटार जाते, पावसाआधी बंदोबस्त व्हावा. कागद स्वतः त्याच्या हातात दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला.

ज्येष्ठ लागला. एके सकाळी दगडांच्या गाड्या आणि सिमेंटची पिंपे आली. शाळेतल्या मुलींना वाचनाला बसवून मी शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले, तिथून गल्लीचे तोंड दिसते. गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या नाहीत. पुढे गेल्या. रुंद रस्त्यावर वळल्या.

त्याच आठवड्यात नळकोंडाळ्याच्या भिंतीवर कागद लागला. आमच्या गल्लीला पाणी आता दिवसाआडही नाही, दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी.

चूक झाली असणार, असे मी धरून चालले. चूक झाली की ती शोधायची आणि दुरुस्त करायची. मुलींना मी हेच सांगत आले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर म्युनिसिपालिटीत गेले. तिथल्या कारकुनाची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांनी उठून खुर्ची दिली आणि आमच्या गल्लीचा कागद काढला. माझा मूळ कागद मागे टाचलेला होता. वर कचेरीतली नक्कल, गोल, देखण्या अक्षरात.

एक: गोडे पाणी. आणि खाली सहा वेळा: सांडपाणी. सांडपाणी. सांडपाणी.

खाली ओव्हरसियरांचा शेरा. गल्लीत सांडपाणी जिरवण्यास सहा आड आहेत, सबब गटाराची निकड नाही. गोडा आड असल्याने नळाचे पाणी कमी करण्यास हरकत नाही.

मी दोनदा वाचले. म्हणजे आम्ही सहा आडांत मोऱ्यांचे पाणी सोडतो! त्या पाण्याने आम्ही भांडी घासतो, अंघोळी करतो. मला खरे तर हसू आले. ओव्हरसियर कोकणातले आहेत हे मला ठाऊक होते. त्यांच्याकडे पाणी असे दोन घागरींत वाटलेले नसते, त्यांना हा शब्द कुठून कळणार! मी म्हटले, “अहो, हे ‘सांडायचे’ आहे. सांडपाणी नव्हे. एवढ्यानं सगळं उलटं झालं. दुरुस्त करा.”

कारकुनांनी खाली पाहिले. “बाई, मला शंका आली होती. मी इथलाच. मी साहेबांना म्हटलं, ‘सां.’ म्हणजे काय ते विचारून घेऊ. साहेब म्हणाले, सांडपाणीच असणार. तरी मी विचारलं.”

“कुणाला?”

“मेंबर समोरच बसले होते. त्यांना विचारलं, सांडपाणीच ना? म्हणाले, तसंच लिहा.”

“त्यांचं लक्ष नसेल.”

“दोनदा विचारलं, बाई.”

मी घरी आले. सासूबाईंना जेवायला वाढले. मग वही घेऊन बसले आणि लिहिले:

१. ऐकले नसेल. (दोनदा विचारले.)
२. शब्द विसरला असेल. (धपाटा आठवतो.)
३.

तिसऱ्या आकड्यापुढे मला काही लिहिता आले नाही. आकडा तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेले. दारासमोर मजूर गटाराचे दगड बसवत होते. काम चांगले होते, सांधे बारीक, उतार नीट. त्याच्या बायकोने सांगितले, सुताच्या कामासाठी माळशिरसला गेलेत. चार दिवसांनी गेले, तेव्हाही माळशिरसलाच. बाहेर त्याच्या वहाणा होत्या. त्या ओलांडून मी परत आले.

गल्लीला सांगणे भाग होते. पाण्याच्या दिवशी नळकोंडाळ्यावर सगळ्या असत, तिथेच सांगितले. घागरींची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

वहिनी म्हणाल्या, “ओवाळणी लई चांगली घातली हो अक्का, तुमच्या भावानं. स्वतःच्याच दारात घातली.”

“मी आजच अर्ज करते. दुरुस्त होईल.”

मावशींनी घागर उचलून डोक्यावर घेतली. “मी म्हनत हुती मोजू नगा. पर कागुद कुनाच्या अक्षरातला? सांगा की. मेंबरच्या का तुमच्या?”

मी माझी कळशी नळाखाली सरकवली, तेवढ्यात मागून, रांगेच्या अगदी शेवटून आवाज आला. टोकाच्या घरांपैकी एकीचा. तिचा हंडा सगळ्यांच्या मागे, हातभर अंतर सोडून ठेवलेला असे.

“बाई, तुमी यादी करत हुता तवा आमच्याकडं आला न्हाईत. तुमचा आड तरी हाय, खारा का आसंना. आमाला नळच हुता. आता त्योबी तिसऱ्या दिशी.” आवाज चढलेला नव्हता. “आमाला इचारलं असतं तर आमी सांगितलं असतं, सां. बिं. लिवू नगा, सगळं लिवा. आमच्या नावाम्होरं जात बी लोक अशीच अर्दी लिवत्यात.”

त्या संध्याकाळी मी वही उघडली आणि चैत्रातल्या हजेरीखाली ती ओळ घातली. शाळेची निळी शाई संपली होती, म्हणून ती काळी आहे.

मी अर्ज केला. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, टोकाच्या चार घरांचेही. पंधरा दिवसांनी उत्तर आले. मूळ यादी अर्जदार बाईंच्याच हस्ताक्षरात असून त्यात बदल करायचा तर पेठेच्या मेंबरांनी खुलासा लिहून सही करावी. ओव्हरसियरांची तोवर बदली झाली होती. म्हणजे एकच माणूस उरला, आणि तो माळशिरसला होता.

मग आषाढ आला. आम्ही पाऊस मागत होतो, तो त्या वर्षी मिळाला. तिसऱ्या दिवशी कच्चे गटार भिंतीवरून अंगणात आले. मावशी, वहिनी, मी, आम्ही सगळ्यांनी पोत्यांत माती भरून कट्ट्याभोवती रचली. वहिनींचे दीर मागावरून उठून आले. पाणी वरून नाही आले. ते खालून, ढिल्या मातीतून गेले असावे. पाऊस थांबल्यावर अव्वांनी पहिला पोहरा काढला, नाकाशी नेला आणि उंबऱ्यावर ठेवला. मी पाहिला. पाणी स्वच्छ दिसत होते. वास होता.

अव्वा पासष्टीच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्या आडाशिवाय दुसरे पाणी प्यायले नव्हते. माहेरी अक्कलकोटला गेल्या तर बरोबर तांब्या भरून नेत. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या कट्ट्यावर बसल्या, पदराने पाय पुसले आणि म्हणाल्या, “बाई, तुझी वही आण.”

“कशाला अव्वा?”

“माझ्या आडापुढंही ‘सां.’ लिही. आता सातही सारखे झाले. यादी बरोबर झाली.”

वही आणली नाही. त्या दिवसापासून अव्वांच्या घरी प्यायचे पाणी नळाचे, तिसऱ्या दिवशीचे, शिळे. त्या ते डोळे मिटून पीत.

कार्तिकात भाऊबीज आली. तो येणार नाही असे सगळ्यांना वाटत होते. मला माहीत होते, येईल. ओवाळून घ्यायला न येणे म्हणजे कबूल करणे. त्या सकाळची यादी अशी: पाट. रांगोळी. निरांजन. सुपारी. करंज्या. अर्ज, दौत, टाक. ओवाळणे. अर्ज मी विचार करूनच ओवाळण्याच्या आधी ठेवला होता.

तो नवा कोट घालून आला. पाटावर बसला. “ताई, वाळलीस गं.”

मी कागद त्याच्यापुढे ठेवला. वर एकच ओळ लिहिली होती: यादीतील ‘सां.’ म्हणजे सांडायचे पाणी, असे यादी करताना माझ्यासमोर ठरले होते. खाली सहीची जागा.

“ही माझी ओवाळणी,” मी म्हटले. “दुसरी काही नको.”

त्याने वाचले. निरांजनाची वात सरळ होती, वारा नव्हता. “ताई, यंदा एकच रस्ता व्हायचा होता. दोन नव्हते. कुणाचा तरी राहणारच होता.”

“मग उघड म्हणायचं होतंस. माझ्या रस्त्याला द्या.”

“उघड कसं म्हणणार? लोक म्हणाले असते, निवडून आला आणि आधी स्वतःच्या दारात गटार नेलं.”

“म्हणून माझं अक्षर पुढं केलंस.”

“मी काही खोटं लिहिलं नाही. ‘सां.’ होतं, ‘सां.’ राहिलं.”

“तुला दोनदा विचारलं.”

त्याचा हात नकळत खांद्याकडे गेला आणि तिथून खाली आला. मग त्याने टाक उचलला. मला वाटले, करतो. दौतीत बुडवला, कागदावर आणला. “आत्ता सही केली, तर तेव्हा मी खोटं बोललो असं कागदावर येतं,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी निवडणूक आहे. ती होऊ दे. मग तुझ्या गल्लीचं आधी करतो. शब्द देतो.”

“शब्द आहे माझ्याकडे. वहीत आहे. वाचून दाखवला होता तुला.”

त्याने टाक खाली ठेवला. खिशातून इरकली खण काढून ताटात ठेवला, सुपारीशेजारी. मी निरांजन उचलले नाही. बाहेर ओसरीवर वहिनी आणि मावशी येऊन उभ्या होत्या. त्यांना वाटले असेल, आत ओवाळणे चालले आहे. तो पाटावरून उठला आणि त्यांच्यामधून वाट काढून गेला. मावशींनी आत डोकावून पाहिले. “आगं बया,” त्या म्हणाल्या, “वात तशीच जळतीया.” आणि त्यांनी आत येऊन ती पदराने विझवली.

त्याला आता काही वर्षे झाली. निवडणूक झाली, तो पुन्हा निवडून आला. रस्त्यात भेटला की “ताई” म्हणतो, मीही थांबते. खण मी त्याच्या बायकोकडे परत पाठवला. अव्वांच्या आडावर फळ्या टाकल्या आहेत. त्यावर त्या डाळ वाळत घालतात. टोकाच्या घरांची पाण्याची पाळी मी आता स्वतः ठरवते, आणि ती रांगेच्या शेवटी नसते. यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे. त्या कामावर रेघ मारता आली.

दर वर्षी पाडव्याला मी नवी वही घेते. जुन्या वहीतले राहिलेले काम पहिल्या पानावर, सर्वांत वर उतरवते. अर्जाचा कागद एका वहीतून दुसऱ्या वहीत ठेवते. घडीवर तो आता फाटायला आला आहे. टाकाचा एक ठिपका त्यावर पडलेला आहे, जिथे सही सुरू व्हायची होती तिथे.

आज सकाळची यादी:

१. अर्जावर सही घेणे.